पाणी ‘पिण्यास योग्य’ आहे, मग बाळांच्या रक्तात जिवाणू कुठून आला?

वाचकाचं पत्र

आमच्या नवजात अतिदक्षता विभागात १० खाटा आहेत. मी तिथली इन्चार्ज सिस्टर आहे. गेल्या तीन आठवड्यांत दोन बाळांच्या रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्तातले जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू निघाला. मला पाण्याचा संशय आला, म्हणून हात धुण्याच्या नळाचं पाणी तपासायला पाठवलं. ‘कोलिफॉर्म आढळले नाहीत, पिण्यास योग्य’ असा अहवाल आला. प्रशासनाने गच्चीवरची टाकी धुऊन घेतली, आता विषय संपला असं त्यांचं म्हणणं आहे. माझं मन मानत नाही. नेमकं काय तपासायचं, काय बदलायचं आणि विभाग बंद ठेवावा लागेल का?

उत्तर

सिस्टर, तुमची शंका योग्य आहे. अहवाल चुकीचा नाही, पण तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. कोलिफॉर्मची चाचणी पाण्यात मैला मिसळतोय का एवढंच सांगते. स्यूडोमोनास कोलिफॉर्ममध्ये मोडत नाही, त्यामुळे तो पाण्यात भरपूर असला तरी त्या चाचणीत दिसणार नाही. टाकी धुऊनही हा प्रश्न बहुधा सुटणार नाही, कारण हा जिवाणू मुख्यतः नळाच्या तोंडापासून मागच्या दोनेक मीटर पाइपमध्ये, नळाच्या आतल्या भागांत आणि बेसिनखालच्या ट्रॅपमध्ये (पाणी अडून राहणाऱ्या वाकड्या पाइपमध्ये) मुक्काम करतो. शोध तिथून सुरू करा.

त्याआधी दोन कामं आजच करायची आहेत.

पहिलं, प्रयोगशाळेला फोन करून दोन्ही बाळांच्या रक्तातून वाढवलेले जिवाणू जपून ठेवायला सांगा. बऱ्याच प्रयोगशाळा अहवाल दिल्यावर थोड्याच दिवसांत प्लेट टाकून देतात. पुढे नळात स्यूडोमोनास सापडला तरी तो बाळांमधलाच आहे का, हे ताडून पाहायला मूळ जिवाणू हाताशी नसेल तर सगळा शोध अर्धवट राहतो.

दुसरं, नळाचं पाणी बाळांपासून तोडा. अहवालाची वाट पाहू नका. बाळाच्या त्वचेला, डोळ्यांना, तोंडाला लागणारं आणि श्वासात जाणारं पाणी सीलबंद बाटलीतलं निर्जंतुकच हवं. बाटली एका बाळासाठी एकच, आणि उघडल्यावर उरलेलं पाणी दुसऱ्या पाळीसाठी ठेवायचं नाही. दुधाची बाटली गरम पाण्याच्या भांड्यात बुडवून कोमट करण्याची पद्धत असेल तर ती आजपासून बंद. झाकणाच्या कडेला राहिलेला पाण्याचा थेंब सरळ दुधात जातो. गोठवलेलं दूध फ्रिजमध्ये वितळवा आणि कोमट करायला कोरडा वॉर्मर वापरा. हात साबणाने धुतल्यावर कागदी रुमालाने पूर्ण कोरडे करा आणि मग अल्कोहोलचा हँडरब २० ते ३० सेकंद चोळा. ओल्या हातावर अल्कोहोल पातळ होतं आणि त्याचा उपयोग घटतो, म्हणून ‘पूर्ण कोरडे’ हे शब्द बेसिनवरच्या सूचनेत ठळक लिहा.

नळ आणि बेसिन मात्र आज घासायला लावू नका. चांगल्या हेतूने कोणी नळावर क्लोरीन ओतलं तर उद्याचा नमुना खोटा दिलासा देईल. आधी नमुना, मग सफाई.

नमुना कसा घ्यायचा

तुमचा पहिला नमुना बहुधा नेहमीच्या पद्धतीने घेतला गेला असेल. नळाचं तोंड स्पिरिटने पुसायचं किंवा ज्योतीने तापवायचं, दोन-तीन मिनिटं पाणी सोडायचं आणि मग बाटली भरायची. पुरवठ्याचं पाणी तपासायला हीच पद्धत बरोबर आहे. तुमच्या कामाला ती उलटी पडते, कारण जिथे जिवाणू बसलाय तो भागच आपण साफ करतो आणि तिथलं पाणी बेसिनमध्ये सोडून देतो.

पहाटे, नळ किमान दोन तास कोणी वापरलेला नसताना जा. नळ पुसू नका, त्याच्या तोंडाची जाळी काढू नका. २०० ते २५० मिलीच्या निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेलं हवं. ते पाण्यातलं क्लोरीन निष्प्रभ करतं, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बाटलीतलं क्लोरीन जिवाणूंना मारत राहतं. बाटली आत धुऊ नका. तोंड नळाखाली धरून मगच नळ उघडा आणि पहिल्या थेंबापासूनचं पाणी भरा. हा पहिला नमुना. मग नळाचं तोंड निर्जंतुक करा, दोन मिनिटं पाणी जाऊ द्या आणि दुसरा नमुना घ्या. गरम आणि थंड नळ वेगळे असतील तर दोन्हींचे नमुने वेगळे. बाटलीवर नळाचा क्रमांक, वेळ, पहिला की दुसरा हे लिहा. बर्फाच्या पेटीत, पण बर्फाला थेट न टेकवता, त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. २४ तासांनंतर तपासलेल्या नमुन्यावर विसंबू नका.

प्रयोगशाळेकडे नेमकी मागणी अशी करा: १०० मिली पाणी मेम्ब्रेन फिल्टरमधून गाळून, सेट्रिमाइड असलेल्या माध्यमावर ३६ अंश सेल्सियसला सुमारे दोन दिवस वाढवून स्यूडोमोनास एरुजिनोसाची मोजणी. ‘एकूण जिवाणूसंख्या’ एवढाच आकडा मिळाला तर त्यावरून काही ठरवता येणार नाही.

नवजात विभागासाठी अपेक्षित निकाल १०० मिलीत शून्य. १० पेक्षा जास्त आले तर फिल्टर बसवा किंवा तो नळ वापरातून काढा. १ ते १० च्या मधला आकडा आला तर पुन्हा नमुना घ्या आणि दरम्यान त्या नळाचं पाणी बाळांपर्यंत जाणार नाही अशी व्यवस्था ठेवा. पहिल्या नमुन्यात भरपूर आणि दुसऱ्यात नाही किंवा नगण्य, तर दोष त्या नळात किंवा त्याच्या लगतच्या जोडणीत आहे. दोन्हींत सारखेच आले तर दोष मागे आहे, आणि मग शेजारच्या नळांपासून टाकीपर्यंत मागे मागे जावं लागेल. म्हणूनच एका नळाचा नमुना पुरत नाही. विभागातले सगळे नळ घ्या, दूध तयार करण्याच्या खोलीतला नळ आणि भांडी धुण्याचा सिंकसुद्धा.

नळाच्या आत

नमुने गेले की प्लंबरला बोलावून एक नळ उघडून बघा. तोंडाशी असलेली जाळी हाताला चिकट लागते का, तिच्यावर चुना साचलाय का, ते पाहा. जाळीत हवा आणि पाणी मिसळतं, कचरा अडकतो आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. त्या थराच्या आत क्लोरीन नीट पोचत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये डिसेंबर २०११ ते जानेवारी २०१२ या काळात दोन रुग्णालयांच्या नवजात विभागांत स्यूडोमोनासच्या संसर्गाने चार बाळं दगावली. तपासाची सुई नळांवर आली आणि नळाच्या तोंडाशी बसवलेल्या, पाण्याची धार सरळ करणाऱ्या भागांकडे जगभराचं लक्ष गेलं. साधं, न शिंपडणारं, जाळी नसलेलं तोंड नवजात विभागात सर्वांत चांगलं.

जाळी भिजवून, घासून परत बसवू नका. फेकून द्या. जाळी काढल्यावर धार जोरात पडून पाणी उडायला लागेल, तेव्हा बेसिनखालचा अँगल कॉक थोडा आवळून दाब कमी करा. अँगल कॉकपासून नळापर्यंत स्टीलची जाळी गुंडाळलेली लवचिक जोडनळी असते. तिच्या आत रबर असतं आणि त्यावर जिवाणूंचा थर लवकर धरतो. तिथे शक्य असेल तर ताठ धातूची नळी घाला. गरम-थंड मिसळणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व असेल तर त्याच्या पुढचा पाइप सतत कोमट राहतो, म्हणून तो व्हॉल्व नळाच्या जितका जवळ तितका बरा, आणि वर्षातून किमान एकदा उघडून साफ करायला हवा. हात न लावता चालणारे सेन्सरचे नळ स्वच्छतेसाठी म्हणून आणले जातात, पण आत अनेक व्हॉल्व, थोडं आणि कोमट पाणी, यामुळे ते उलट त्रासाचे ठरू शकतात. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या अभ्यासात सेन्सरच्या नळांच्या ५० टक्के नमुन्यांत लेजिओनेला (पाण्यात वाढणारा, न्यूमोनिया करणारा जिवाणू) वाढला, साध्या नळांच्या १५ टक्क्यांत. नवजात विभागासाठी कोपराने चालवायचा साधा लांब दांड्याचा नळ आम्हाला जास्त भरवशाचा वाटतो.

०.२ मायक्रॉनचा फिल्टर नळाच्या तोंडाला बसवणं हा तातडीचा खात्रीचा उपाय आहे. दोन चुका मात्र नेहमी होतात. बदलण्याची तारीख उलटून जाते, म्हणून बसवल्याची आणि काढायची तारीख फिल्टरवरच लिहा. आणि फिल्टर लांबीला खाली येतो, त्यामुळे त्याचं तोंड बेसिनच्या तळाच्या जवळ जातं आणि उडालेल्या पाण्याने बाहेरून खराब होतं. तसं होत असेल तर त्या नळाला फिल्टर लावण्यापेक्षा तो नळ बंद ठेवा.

बेसिनचा ड्रेन

ड्रेनमध्ये स्वॅब घातला तर स्यूडोमोनास जवळजवळ नेहमीच सापडतो, त्यामुळे नुसता सापडला म्हणून तोच उगम असं धरू नका. तरी ड्रेनकडे दुर्लक्ष करणं महागात पडतं. टोरोंटोमधल्या एका रुग्णालयात २००४ ते २००६ या काळात ३६ रुग्णांना बहुऔषधरोधक स्यूडोमोनासची लागण झाली. मूळ होतं हात धुण्याच्या बेसिनचं. बेसिन उथळ, नळाची धार थेट ड्रेनच्या तोंडावर. तपासकांनी ड्रेनमध्ये चमकणारा रंग टाकून नळ सोडला तेव्हा शिंतोडे किमान एक मीटरपर्यंत गेलेले दिसले. शेजारीच औषधं तयार करण्याची जागा होती.

व्हर्जिनिया विद्यापीठातल्या प्रयोगांत ट्रॅपमधला जिवाणूंचा थर, वरून अन्नद्रव्य मिळत राहिलं तर, दिवसाला सुमारे अडीच सेंटीमीटर वेगाने वर चढताना दिसला. आठवडाभरात तो ड्रेनच्या जाळीपर्यंत पोचतो, आणि मग धार पडली की उडतो. ट्रॅपमध्ये असेपर्यंत तो सहसा उडत नाही. यातून दोन गोष्टी ठरतात: त्याला खायला घालू नका आणि पाणी उडू देऊ नका.

खायला घालणं म्हणजे उरलेलं दूध, डेक्स्ट्रोजची उरलेली बाटली, सक्शनचं पाणी, बाळाच्या अंघोळीचं पाणी हात धुण्याच्या बेसिनमध्ये ओतणं. हे जवळपास प्रत्येक विभागात होतं, कारण तेच बेसिन जवळ असतं. म्हणून नुसती सूचना लावून भागत नाही. द्रव ओतायला वेगळी जागा डर्टी युटिलिटीमध्ये (घाण पाणी आणि कचरा टाकण्याच्या खोलीत) द्या आणि ती पाच-सात पावलांवर असू द्या. उरलेली प्रतिजैविकं बेसिनमध्ये गेली तर आणखी वाईट, कारण तिथल्या जिवाणूंपैकी औषधाला न जुमानणारेच टिकतात.

पाणी उडू नये म्हणून धार ड्रेनवर न पडता बेसिनच्या उतारावर पडायला हवी. नळ फिरवून किंवा बदलून हे जमतं. बेसिनच्या कडेपासून दोन मीटरच्या आत औषधाची ट्रे, इनक्युबेटर, कापसाचे डबे, दूध काढण्याच्या पंपाचे भाग वाळवण्याची जाळी यांतलं काही ठेवू नका. जागा नसेल तर मध्ये भक्कम, पुसता येईल असा उभा पडदा बसवा. जास्तीचं पाणी जाण्याचं बेसिनचं भोक असेल तर पुढच्या वेळी तसं बेसिन घेऊच नका, कारण त्या भोकाची आतली पोकळी कधीच साफ होत नाही.

ट्रॅप बदलला किंवा ड्रेनमध्ये क्लोरीन ओतलं की काही दिवस स्वॅब स्वच्छ येतो, मग थर पुन्हा धरतो. वाहत गेलेलं क्लोरीन थराला काही सेकंदच लागतं, तेवढ्याने आतले जिवाणू मरत नाहीत. हे उपाय करा, पण त्यावर थांबू नका. तुंबलेला ड्रेन विभाग सुरू असताना पंप मारून मोकळा करणं टाळा, त्याने ट्रॅपमधलं सगळं हवेत येतं.

सफाईचा क्रम बदलल्याने मोठा फरक पडतो आणि खर्च काहीच नाही. आधी नळाचं तोंड आणि दांडा, मग बेसिनच्या कडा, मग आतली बाजू, शेवटी ड्रेनची जाळी. नळाला एक फडकं, बेसिनला दुसरं, दोन्ही त्या बेसिनपुरतीच. एकाच फडक्याने जाळी पुसून मग नळाचं तोंड पुसलं तर ड्रेनमधला जिवाणू आपणच नळात भरतो. सफाई कर्मचाऱ्याला क्रम सांगताना कारणही सांगा. कारण कळलं की रात्रपाळीतही क्रम पाळला जातो.

पाण्याची उपकरणं

नळ तपासताना ही जागा अनेकदा राहून जाते. ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायरची बाटली, बबल सीपॅपची (बाळाला श्वास घ्यायला मदत करणाऱ्या उपकरणाची) बाटली, इनक्युबेटरचा ओलाव्याचा कप्पा, नेब्युलायझरचा कप, सक्शनची नळी धुण्याचं भांडं यांच्या प्रत्येकी एकेकाचे स्वॅब घ्या. यात निर्जंतुक पाणीच घालायचं, कमी झालं म्हणून वरून भर घालायची नाही. जुनं ओतून टाका, बाटली ठरलेल्या पद्धतीने निर्जंतुक करून पूर्ण वाळवा आणि मग नवीन भरा. न वापरलेल्या इनक्युबेटरच्या कप्प्यात पाणी ठेवू नका. वर भरत राहिलेला द्रव साबण आणि पातळ करून ठेवलेली जंतुनाशकाची बाटलीही तपासा. दोन्हींत स्यूडोमोनास वाढू शकतो.

टाकी आणि गरम पाणी

टाकी धुणं वाया गेलेलं नाही. पण धुताना सुटलेला गाळ पाइपांत उतरतो, म्हणून त्यानंतर शेवटच्या नळापर्यंत सगळे नळ सोडून द्यायला हवे होते. झालं नसेल तर नमुने घेतल्यावर करा. क्लोरीन टाकीपाशी मोजून काही कळत नाही. टाकीपासून सर्वांत लांबच्या नळाशी डीपीडी गोळीने (क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी करणाऱ्या) मोजा. तिथे मुक्त क्लोरीन लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम हवं.

पूर्ण जाळं निर्जंतुक करायची वेळ आली तर लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन एक तास ठेवतात. ५,००० लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम क्लोरीन लागतं, म्हणजे १० टक्के सोडियम हायपोक्लोराइट अडीच लिटर. ३० टक्के क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर असेल तर सुमारे ८३० ग्रॅम, बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरचं निवळ पाणी टाकीत. प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडायचा, मग बंद करून तास मोजायचा, शेवटी भरपूर पाणी सोडून पातळी नेहमीवर आणायची. या काळात रुग्णालयात कोणी पाणी वापरायचं नाही. डायलिसिसची लाइन आधी तोडायची, कारण क्लोरीन डायलिसिसच्या पाण्यात गेलं तर रुग्णाच्या लाल पेशी फुटतात.

मोठ्यांच्या वॉर्डासाठी लेजिओनेलाची चाचणी वेगळी मागावी लागते, स्यूडोमोनासच्या माध्यमावर तो वाढत नाही आणि निकालाला दहा दिवसांपर्यंत लागू शकतात. तो २० ते ४५ अंशांत वाढतो, म्हणून गरम पाणी ६० अंशांवर साठवा, ते नळापर्यंत किमान ५० ते ५५ अंश पोचायला हवं. भाजण्याचा धोका असलेल्या नळांना तापमान बांधणारा व्हॉल्व हवाच. थंड पाणी २० अंशांखाली ठेवा असं ब्रिटिश नियम सांगतात. उष्ण हवामानात ते शक्य नसतं. तिथे टाकी सावलीत, तिच्यातला साठा दिवसाच्या गरजेपेक्षा फार जास्त नाही, क्लोरीन रोज मोजलेलं आणि न वापरलेले नळ रोज सकाळी सोडलेले, एवढं सांभाळावं लागतं. वापरात नसलेली जोडणी नुसती टोपी लावून सोडू नका, मुख्य पाइपपाशी कापून टाका. बंद टोकात साचलेलं पाणी सगळी लाइन दूषित करायला पुरतं.

प्रशासनाशी बोलताना

‘पाणी खराब आहे’ असं म्हणाल तर समोर तो अहवाल येईल. त्याऐवजी नळांचा नकाशा, प्रत्येकाचे दोन नमुने आणि आकडे समोर ठेवा. बैठकीत सूक्ष्मजीवतज्ज्ञ, विभागाचे डॉक्टर, प्लंबर आणि सफाईचे पर्यवेक्षक एकाच वेळी हवेत. कुठला नळ कधीपासून बंद आहे हे बहुधा प्लंबरलाच ठाऊक असतं. नळात आणि बाळांत जिवाणू सापडले तर जपून ठेवलेले नमुने जनुकीय तुलनेला पाठवा. औषधांना प्रतिसाद सारखा आला एवढ्यावरून दोन्ही एकच असं म्हणता येत नाही. निकाल वेगळा आला तर पाणी सोडून हात, नखं, साबण, उपकरणं आणि बाहेरून आलेलं बाळ यांकडे वळा.

दुरुस्तीनंतर लगेच घेतलेला नमुना नेहमी छान येतो. तिसऱ्या दिवशी, मग दोन आठवड्यांनी, मग चार आठवड्यांनी घ्या. तिन्ही वेळा शून्य आलं तरच फिल्टर काढा. पुढे दर सहा महिन्यांनी तपासणी ठेवा.

विभाग बंद करायचा का? नळाचं पाणी बाळांपासून पूर्ण तुटलं असेल, नवीन बाळांत जिवाणू सापडत नसेल आणि खाटांच्या मानाने सिस्टर पुरेशा असतील तर सहसा गरज पडत नाही. ज्या बाळांना नेमका हाच जिवाणू आहे त्यांची खोली किंवा कोपरा आणि त्यांच्या सिस्टर वेगळ्या ठेवा. आजारी पडणाऱ्या नव्या बाळाचं औषध ठरवताना डॉक्टरांना या दोन केसेस माहीत असायलाच हव्यात, त्या प्रत्येक पाळीच्या हस्तांतरणात लिहा. एवढं करूनही तिसरं बाळ निघालं, किंवा पाणी तोडता येतच नसेल, तर नवीन बाळं दाखल करणं थांबवा. तो निर्णय विभागप्रमुख आणि सूक्ष्मजीवतज्ज्ञांनी लेखी घ्यावा, तुमच्या एकटीच्या खांद्यावर तो येऊ देऊ नका.